तळहातावरचा वास

सबनीसांनी दारू सोडली आहे, पण व्हिस्की पारखणं हीच त्यांची नोकरी. परीक्षकांच्या टेबलावर थुंकण्यासाठी पेला असतो. शेवटची बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, महागडी आणि फार कडक होती. सबनीस घोट तोंडात घोळवत राहिले. शेजारी बसलेल्या परीक्षक केतकरबाई त्यांच्या गळ्याकडे पाहत होत्या. तशी विनंती सबनीसांनीच केली होती.

"सबनीस, थुंका आता."

ते थुंकले. "आजची सगळ्यात चांगली हीच."

"गिळली नाहीत ना?"

"गिळली असती तर सगळ्याच चांगल्या वाटल्या असत्या, बाई."

सोडलेली गोष्ट लांब जाते, असं आपण धरून चालतो. काहींना ती रोज तोंडात धरावी लागते.

वासासाठी दोन थेंब त्यांनी तळहातावर चोळले होते. निघताना त्यांनी हात साबणानं धुतले. लिफ्टपाशी मात्र तोच तळहात हळूच नाकाशी नेला.