तेरेजसाठी बांधलेली वालाची पुडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — फादरपुढे गुडघे टेकले तेव्हाही गिळलं. तुला सांगतो.

आम्हा दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे ओट्यावर बसून सुके वाल सोलणं. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत, ऐंशी सालाच्या आसपास. फिलू, माझी बायको, बियाण्याचा वेल वेगळा राखायची. तिच्या आईकडचं बी ते. त्याचं पान पिवळं पडलं तरी तोडायचं नाही, हा तिचा हट्ट.

सोलता सोलता ती थांबली. सुपात दोन ढीग केले. वेलाच्या खालच्या शेंगांचे दाणे चिपाड, सुरकुतलेले. मांडवाच्या टोकावरचे — टपोरे, चकचकीत. "बघा, बघा तरी," म्हणत माझा हात ओढला. टोकाचं एक पान आणलं — कडा पिवळ्या, शिरा अजून हिरव्या. "हे कुजत नाही हो. अंगातलं सगळं काढून दाण्याला भरवतं, या शिरांच्या वाटेनं. मग गळतं." मी चौथी नापास माणूस, पण काय सांगू — लख्ख दिसलं मला. अंगावर काटा आला. आजही येतो. जन्मभर बागाईत केली, आणि जाणारं पान दाणा पोसतं हे मला ठाऊक नसावं?

मग खालची पानं कुठं गेली? तेरेजच्या शेळीनं खाल्ली — सगळ्यांना हेच माहीत. तेरेज शेजारीण, फिलूची जिवाची. त्यावरून दोघी भांडल्या, महिनाभर बोलणं बंद.

शेळी नव्हतीच. मी होतो. "भाऊला झाडातलं काय कळतं," असं तेरेज माझ्याबद्दल म्हणाली, फिलूही हसली — एवढ्यावरून. दुसऱ्या दिवशी हात पुरला तिथवर पिवळी पानं ओरबाडली, आणि शेळीचं नाव घेतलं.

फिलू दाणे चाळत म्हणाली, "शेळी कधी शेंगा सोडून नुसती पानं खाते का हो?" माझ्याकडे बघितलं. मी पुढची शेंग सोलायला घेतली. ती हसली. टपोऱ्या दाण्यांची पुडी बांधून उशाशी ठेवली. "उद्या तेरेजला देते. माझंच चुकलं म्हणते."

सकाळी ती उठली नाही. अंग गार पडलेलं.

आणि मी काय केलं? पुडी सोडली, दाणे सुपातल्या चिपाडांत ओतले, हातानं कालवले. वेगळे दिसले असते, तर पानं कुणी तोडली ते तेरेजनंही ओळखलं असतं. मग तिला हाक मारली.