दिपोटीचं सोंग

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलांना नाही. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका खोलीत बसून वह्या तपासल्या, त्या मास्तरांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरीही, एवढ्या चार ओळी लिहीपर्यंत दोनदा उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहून आलो. भर दुपारी.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत वरून एक पत्रक आलं. स्वराज्य आल्यापासून पत्रकं फार येतात. पण हे वेगळं होतं. गावोगावचे कलावंत वर्गात बोलवावेत, असं त्यात होतं — शाहीर, चितारी, बाहुल्या नाचवणारे, बहुरूपी. मुलांना त्यांची कला जवळून बघू द्यावी, स्वतः करू द्यावी. तरुण मास्तर खूश झाले. म्हणाले, गुरुजी, तुम्ही हेडमास्तर, सांगा, पहिल्यांदा कोणाला आणायचं? मी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि ‘बघू’ म्हणालो. त्यांना काय सांगू? की मी आणला होता एकाला, तुमच्या पत्रकाच्या कितीतरी आधी?

लढाईच्या आधीची, इंग्रजी अमलातली गोष्ट. कार्ल्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात मी एकटा मास्तर होतो. शाळा म्हणजे देवळाची ओवरी, एक फळा, एक खुर्ची, तीसेक मुलं, त्यांत चार मुली. वर्षातून एकदा पुण्याहून शाळा तपासायला डेप्युटी साहेब यायचे. गावात त्यांना दिपोटी म्हणत. आदल्या साली दिपोटी आले तेव्हा माझी मुलं मुकी झाली. एरवी ओवरी डोक्यावर घेणारी पोरं — साहेबांनी नाव विचारलं तरी तोंड उघडेनात. हौसा नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. साऱ्या शाळेत तिच्यासारखं वाचणारं कोणी नव्हतं. तिला साहेबांनी धडा वाचायला उभं केलं आणि ती थरथर कापत उभी राहिली, परकर भिजेपर्यंत. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. जाताना वहीत शेरा लिहिला, की मुलांची काहीच तयारी नाही. पुढच्या वर्षी हेच दिसलं तर शिक्षकाचा विचार करावा लागेल.

‘विचार करावा लागेल.’ हे तीन शब्द मी वर्षभर अंथरुणात, जेवताना, फळ्यापाशी ऐकत होतो. मी मुळातच भित्रा. लहानपणी बापाची पावलं ओळखून लपायचो, पुढे साहेबांची ओळखायला शिकलो. मुलं माझ्याकडूनच भ्यायला शिकली असतील का? असतीलच.

तर त्या वर्षी भातकापणी झाली, खळी लागली, आणि दरसालप्रमाणे सुभाना बहुरूपी आला. खळ्यावर जायचं, कधी फौजदार होऊन दम द्यायचा, कधी वैदू होऊन नाडी बघायची, लोकांना हसवायचं आणि सूपभर भात घेऊन पुढच्या खळ्यावर जायचं, हा त्याचा धंदा. मळवली स्टेशनाजवळ वडाखाली त्याचं पाल असे, बायको आणि दोन लेकरं. मी त्याला फौजदार झालेला पाहिला. बाया-बापड्या आधी दचकल्या आणि मग पोट धरून हसल्या. आणि माझ्या मनात आलं — याला दिपोटी केला तर? पोरांनी खोट्या दिपोटीला एकदा मनसोक्त हसून घेतलं, तर खऱ्याची भीती मोडेल.

मीच पालावर गेलो. मीच विचारलं. तो आधी नको म्हणाला. “गुरुजी, साळंत कसा यिऊ? खळ्यावरची गोष्ट येगळी. कुनी इचारलं तर?” मी म्हणालो, मी आहे ना. हे शब्द माझे. मला चांगले आठवतात.

तपासणी गुरुवारी होती. सुभाना मंगळवारी आला. आल्या आल्या त्याने सोंग दाखवलं नाही. पोरांना भोवती बसवलं आणि आपलं तोंड त्यांच्या हवाली केलं. म्हणाला, “भिवई वर वढली की राग, खाली वढली की रडू. तुमीच ठरवा दिपोटी कसा करायचा.” पोरांनी आधी पाटीवर तोंडं काढली. रागीट, रडकी, झोपाळू. त्यातलं एक निवडलं. मग खापरीवरची काजळी घेऊन हौसाने स्वतःच्या बोटांनी त्याच्या मिशा रेखल्या. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. खडूने भुवया पांढऱ्या केल्या. साहेबाला कोट हवा म्हणून मी खुंटीवरचा माझा काळा कोट दिला. तो एकच होता माझ्याकडे.

आणि तो दिपोटी झाला. काय सांगू तुम्हाला! खुर्चीत बसणं, रुमाल काढणं, खाकरणं — त्याने साहेबांना कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं पोरांनी सांगितलेलं ऐकून उभे केले. आधी पोरं गप्प झाली. खरंच भ्याली. मग त्याने हौसाकडे बोट केलं आणि गुरकावून विचारलं, “ए पोरी! भुशीच्या धरनात बेडकं किती?”

हौसा उठली. ती म्हणाली, “तुमीच मोजून या सायेब. आमी हितं थांबतो.”

सगळी शाळा फुटली. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आयुष्यात वर्गात इतका कधी हसलो नव्हतो, आणि पुढेही कधी नाही.

हसता हसता दाराकडे पाहिलं तर दारात खरे दिपोटी उभे होते.

लोणावळ्याचं काम लवकर उरकलं म्हणून दोन दिवस आधीच आले होते. मागे पाटील. साहेबांनी खुर्चीतला माणूस पाहिला, कोट पाहिला, खडूच्या भुवया पाहिल्या. त्यांच्या भुवयाही पांढऱ्याच होत्या. पाटील बिचारे घाईने म्हणाले, “बहुरूपी हाय त्यो सायेब, दरसाल येतो. गरीब हाय.” साहेब त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, “शाळेच्या वेळात याला इथे कोणी आणलं?”

बघा, किती साधा प्रश्न होता. ‘मी’ म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर सुभाना हात जोडून घरी गेला असता. मला शेरा मिळाला असता, फार तर नोकरी गेली असती. त्या वेळी घरी कोण कोण खाणारं होतं ते मी सांगणार नाही, कारण ते सांगितलं की तुम्हाला माझी दया येईल.

मी म्हणालो, “मला माहीत नाही साहेब. मी आताच बाहेरून आलो. हा आपणहून घुसला.”

शब्द कसे स्वच्छ आले. मुलांकडे वळून मी विचारलंही — “काय रे, खरं ना?” तीस पोरं माझ्याकडे बघत होती. मग एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने. बसलेल्या सगळ्यांनी हलवली.

हौसा अजून उभीच होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. ती दिपोटींकडे बघून, न कापता, म्हणाली, “न्हाई सायेब. गुरुजींनीच बोलीवलं त्यास्नी. कोट बी गुरुजींचाच हाय.”

तिची भीती गेली होती. ज्यासाठी मी हा सगळा उद्योग केला, ते झालं होतं.

मी छडी उचलली. खोटं बोलतेस म्हणालो. हात पुढे कर म्हणालो. तिने केला. तिच्या बोटांना अजून काजळी होती — साहेब दोन पावलं पुढे आले असते तर त्यांनाही दिसली असती. मी त्याच हातावर मारलं. एक. दोन. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिसरी उचलली तेव्हा सुभाना खुर्चीतून उठला आणि मध्ये आला.

“मारू नगा. पोर चुकली, सायेब. मीच आलो आपल्या मनानं. कोट बी मीच उचलला खुंटीवरनं. गुरुजींस्नी काय बी ठावं न्हाई.”

जन्मभर सोंगं करणारा माणूस. त्याने ते सोंगही चांगलं वठवलं. साहेबांना पटलं. मला पटवून घेणं सोपं गेलं.

त्याला वडगावला, तालुक्याच्या कोर्टात नेलं. सरकारी अंमलदाराचं सोंग आणि वर चोरी. मला साक्षीला बोलावलं होतं. टेबलावर माझा कोट ठेवला होता. हा तुमचाच का, विचारलं. हो म्हणालो. तुम्ही याला दिला होता का? नाही म्हणालो. सुभाना पिंजऱ्यात उभा होता, तोंड धुतलेलं, ओळखू येईना. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो बघेल म्हणून मी किती घाबरलो होतो, आणि त्याने बघितलं नाही. तीन महिन्यांची सजा झाली त्याला. ऐन सुगी गेली. त्याची बायको लेकरं घेऊन खळ्याखळ्यांवर हिंडत होती. तिला सोंग येत नव्हतं, नुसती पदर पसरून उभी राहायची. ती शाळेच्या रस्त्याने दिसली की मी देवळामागे जात असे. पुढे एक दिवस पाल दिसलं नाही. सुभाना त्या बाजूला पुन्हा कधी आला नाही.

गावाला माहीत होतं का? तीस घरांत तीस पोरं होती. पाटलांनी मला एकदाच, पान लावता लावता विचारलं होतं, “गुरुजी, कोट तुमीच दिल्ता न्हवं?” मी म्हणालो, छे. त्यांनी पान खाल्लं. पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर कधी बसले नाहीत.

कोट मला परत मिळाला. मी तो घातला. तुम्हाला वाटेल, जाळला असेल, कोणाला देऊन टाकला असेल. नाही. पुढच्या तपासणीला तोच घातला. मुलं त्या वर्षी चोख बोलली. मी ती छडीने तयार केली होती. शेरा उत्तम मिळाला आणि दोन वर्षांत मी मोठ्या शाळेवर गेलो.

हौसा दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या आईने सांगितलं, ताप आहे. मग सांगितलं, गुरं वळायला जाते. मी बोलवायला गेलो नाही. ती परत येईल, याचीच मला धास्ती होती. वर्ष संपलं तेव्हा तिचं नाव कमी करायची वेळ आली. रजिस्टरात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. त्यात काहीतरी लिहावंच लागतं. मी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, ‘मुलीस वाचनाची गती नाही.’

ते रजिस्टर त्या शाळेच्या पेटीत अजून असेल. खाली माझी सही आहे.