कडूबा ड्रायव्हरच्या रिकाम्या केबिनी

माझे सासरे कडूबा म्हस्के रेल्वेत ड्रायव्हर होते. अजिंठ्याकडची कोरडवाहू जमीन भावावर सोडून ते पूर्ण्याला कोळशाची इंजिनं पुसायला लागले आणि चढत चढत डिझेलच्या खुर्चीपर्यंत पोचले. मी लग्न होऊन बजाजनगरच्या घरात आले तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. माणूस शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. फक्त एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात खटकली. जेवताना ते कधी खिडकीकडं तोंड करून बसायचे नाहीत. ताट तिकडं वाढलं तर न बोलता उचलून भिंतीकडं वळायचे.

सासूबाईंना विचारलं. साळूबाई म्हणजे स्पष्ट बोलणारी बाई. पण त्याही आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्येंच्या गाडीखाली एक माणूस आल्ता. करमाडाच्या अलीकडं. तव्हापून काचंत बघवत नाय त्येंला."

ब्रॉडगेज झाल्यानंतरची, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची ती गोष्ट. भर दुपारी एक माणूस रुळात उभा होता. हलला नाही, पळाला नाही, नुसता इंजिनाकडं बघत राहिला. सासऱ्यांनी ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नसते. त्या माणसाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांत राहिला तो राहिलाच. दाढीचा आरसा असो, कपाटाची काच असो, हौदातलं पाणी असो, कपाळावर घाम आलेला, तोंड जरा उघडं, काहीतरी विचारायच्या बेतात असलेला तो चेहरा समोर यायचा.

माझ्या नवऱ्याच्या कंपनीत मधुसूदन पाठक नावाचे इंजिनिअर होते. त्यांना खेळण्यातल्या, पण हुबेहूब खऱ्यासारख्या आगगाड्यांचा फार शौक. घरात मोठ्या फळीवर रूळ, स्टेशन, पूल, सगळं मांडलेलं. एका रविवारी ते मुद्दाम आमच्याकडं आले, कारण त्यांना खऱ्या ड्रायव्हरला आपलं नवं इंजिन दाखवायचं होतं. ओंजळीत मावेल एवढं ते इंजिन सासऱ्यांनी हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. चाकं, पायऱ्या, अंगावरचे नंबर, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी एक डोळा मिटून केबिनच्या खिडकीतून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत तर कायच नाय," ते म्हणाले.

"आत मोटर असते ना काका. आणि आत बघतंय कोण?"

"खुर्ची नाय, ब्रेक नाय. मंग गाडी थांबवायची कुणी?"

पाठक हसले. सासरे हसले नाहीत. "दोन दिवस ठेवून जा," म्हणाले.

दोन दिवसांचे दहा झाले. सासूबाईंच्या पाकिटातली सगळ्यात बारीक टिकली म्हणजे दाबाचा काटा. टाचणी वाकवून ब्रेकचा दांडा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी कापून ड्रायव्हरपुढचं टेबल. रिफिलचा तुकडा तापवून, चपटा करून खुर्ची. चिमट्यानं एकेक वस्तू आत ठेवताना ते श्वाससुद्धा रोखून धरायचे. पाठकांनी ते भिंग लावून पाहिलं. त्यांनी फोटो काढून आपल्या शौकीन मित्रांना पाठवले, आणि मग पुण्याहून, नाशिकहून, एकदा तर मद्रासहून खोकी यायला लागली. प्रत्येकात एक इंजिन आणि विनंती एकच, आत केबिन करून द्या.

सासरे रमले. आम्हालाही बरं वाटलं. पण हळूहळू माझ्या दोन गोष्टी लक्षात आल्या. लोक इंजिनासोबत नखाएवढे ड्रायव्हरही पाठवायचे, खुर्चीत बसवायला. ते सासरे कधीच बसवत नसत. कागदात गुंडाळून तसेच परत करायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बसवला की त्यो समोर बघतो. कशाला त्याच्या डोळ्याला तरास?"

दुसरी गोष्ट अशी की कोळशाची, विजेची, विलायती, कसलीही इंजिनं त्यांनी घेतली, पण ज्या जातीचं डिझेल त्यांनी स्वतः चालवलं होतं ते आलं की खोक्यावरचं नाव वाचून, खोकं न उघडताच परत जायचं.

एकदा सकाळी मी चहा घेऊन गेले. ते पाठ करून बसले होते, नुकतंच झालेलं एक इंजिन डोळ्याला लावून. मी हाक मारली तर हललेच नाहीत. मानेवर घामाचे थेंब.

"मामा, चहा."

"हाय," ते पुटपुटले.

"काय हाय?"

"ह्याच्यात बी हाय. काचंपुढं उभा हाय."

उजेड चांगला होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी ते इंजिन त्यांच्या हातातून काढून घेतलं. स्वतः आत बघायची हिंमत मात्र मला झाली नाही.

पुढं एका वर्तमानपत्रात त्यांच्या कलेवर चार ओळी आणि फोटो छापून आला. त्यानंतर महिनाभरात एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं, पिशवी छातीशी धरलेली.

"कडूबा ड्रायवर इथंच ऱ्हात्यात का? मी दगडाबाई. फकिराची बायको."

ते नाव घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, तरी सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. सासरे भिंतीकडं तोंड करून बसले होते, ते वळले. दगडाबाईनं पाणी घेतलं नाही. खालीच बसली आणि सरळ विचारलं.

"दादा, भांडाया नाय आले. येकच इचारायचंय. तुमी पोलिसाला सांगितलं, त्यो रुळात हुबा व्हता, गाडीकडं बघत व्हता. खरं हाय का ते?"

सासऱ्यांनी मान हलवली. "खरं हाय, बाई."

"त्या दिशी सकाळी आमचं वाजलं व्हतं. भाकरी करपली म्हून. येवढ्याश्यावरून मी लई बोलले त्येंला. तुमचं बोलणं गावात आलं आन् समदे म्हणले, बायकूनं घालवला. सासूनं मरस्तोवर मह्या हातचं पाणी नाय घेतलं. दिराच्या पोरींच्या लग्नात मला मांडवाबाहीर बशिवलं. मी म्हणलं, आसंल. माझ्यामुळंच गेला आसंल. पर मंग वाटतं, घरी वैरण नव्हती, त्यो वैरणीला गेल्ता. मरायचं आसतं तर इळा कशाला नेला आसता?" तिनं मान वर केली. "तुमी नीट पाह्यलं व्हतं का, दादा?"

"पाह्यलं," सासरे म्हणाले. "आजून बघतो."

दगडाबाईनं पिशवी उघडली, एक जुना फोटो काढला. जत्रेतल्या फोटोवाल्याकडचा, दोघं जोडीनं उभे. सासऱ्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ बघितला. उजेडात नेला, परत बघितला.

"ह्यो कोण?"

"ह्येच की. फकिरा."

सासऱ्यांनी फोटो तिला परत दिला. दगडाबाई गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, ह्यो त्यो नव्हं. मला दिसतो त्यो येगळाच हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः चालवलेलं ते डिझेल करायला घेतलं. विकतचं नाही, पुठ्ठ्याचं, चांगलं हातभर लांब. त्या इंजिनाची केबिन एका टोकाला असते आणि अपघाताच्या दिवशी ती मागं होती, पुढं मशीनचा लांबलचक डबा. डाव्या अंगाला ड्रायव्हर, उजव्या अंगाला असिस्टंट. सासऱ्यांनी तो डबा केला, केबिन केली, डाव्या अंगाला खुर्ची मांडली, मागची भिंत उघडी ठेवली. मग अंगणात खडूनं रूळ काढले. करमाडाच्या अलीकडं लाईन उजवीकडं वळते, तसंच वळण काढलं. वळणावर काडेपेटी उभी केली, म्हणजे फकिरा. आणि पोटावर आडवं होऊन डाव्या खुर्चीच्या जागी डोळा लावला.

बराच वेळ ते उठलेच नाहीत. मग मला म्हणाले, "तू बघ."

मी बघितलं. पुढं नुसता मशीनचा डबा. रूळ वळून त्या डब्याआड गेलेले. काडेपेटी कुठंच दिसत नव्हती.

"दिसती का काडेपेटी?"

"नाही मामा."

"मला बी नाय. मंग मी कुणाला पाह्यलं?"

त्या दिवशीचे असिस्टंट रामकिसन मुकुंदवाडीत राहायचे. सासरे मला घेऊनच त्यांच्याकडं गेले. रामकिसनांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"उस्ताद, तुमच्या अंगाला कायच दिसत नव्हतं. मह्या अंगानं आला त्यो. डोक्यावर गवताचा भारा, डोळ्यापस्तोर आलेला. त्याला ना गाडी दिसली, ना हारन ऐकू गेला. चालतच व्हता. मी वरडलो, तवा तुमी ब्रेक मारला."

"मंग मी म्हणलं, हुबा व्हता, बघत व्हता. तू का नाय बोलला?"

"तुमी खाली उतरल्यापासून तेच म्हणत व्हते. बघत व्हता, बघत व्हता. मला वाटलं, तुमच्या डोक्याला कायतरी झालं. साहेबासमोर तुमाला खोटं पाडू का? आन् मेलेल्या माणसाला त्यानं काय फरक पडणार व्हता, उस्ताद?"

"त्याच्या बायकूला पडला," सासरे म्हणाले.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी आम्ही दगडाबाईच्या गावी गेलो. रामकिसनही आले. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, फकिराचा भाऊ होता, दगडाबाई बाजूला उभी होती. सासऱ्यांनी ते पुठ्ठ्याचं इंजिन पारावर ठेवलं, खडूनं वळण काढलं आणि फकिराच्या भावाला आधी आत बघायला लावलं. मग हात जोडून उभे राहिले. आवाज ठाम होता.

"मी जे सांगितलं ते झालंच नव्हतं. मला तसं दिसलं, म्हून मी सांगितलं. तुमचा फकिरा वैरण घेऊन घरी निघाला व्हता. ह्या बाईचा काय बी गुन्हा नाय."

रामकिसनांनी गवताच्या भाऱ्याचं सांगितलं. फकिराचा भाऊ उठला आणि गल्लीतून निघून गेला. आम्हाला वाटलं, रागावला. पण थोड्या वेळानं तो बायकोला घेऊन परत आला, तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं तो दगडाबाईपुढं धरला. "जाऊबाई, घरी चला," एवढंच म्हणाली.

दगडाबाई रडली नाही. तिनं खाली वाकून त्या केबिनीतून कितीतरी वेळ पाहिलं. सासरे म्हणाले, "बाई, ठिवून घ्या हे." ती झटकन मागं सरली. "नगं दादा. घरात ठिवायजोगं नाय ते."

परत येताना बसमध्ये सासऱ्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मला वाटलं, आता हे बाहेर बघतील. त्यांनी डोळ्यांवर रुमाल टाकला.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. केबिनी करत राहिले, रिकाम्याच. शेवटच्या आजारात हात थांबले. त्यांच्या दहाव्याला दगडाबाई जावेला घेऊन आली, सासूबाईंच्या शेजारी बसली, बायकांसोबत भांडी घासली. निघताना तिनं मला बाजूला घेतलं.

"पोरी, त्येंला त्यो दिसायचा थांबला का गं?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्या बाईशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"नाही मावशी. शेवटपर्यंत यायचा. तुमचे फकिरा नाहीत एवढं कळल्यावर तर मामा जास्तच भ्यायचे. म्हणायचे, फकिरा असता तर माफी मागितली असती. ह्याला काय म्हणू, ह्याचं नावच ठाऊक नाही."

दगडाबाईनं पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि बाहेर उभ्या असलेल्या जावेला म्हणाली, "चल गं बाई, गाडी निघून जाईल."