तिसऱ्यांची कानातली

आमच्या गोव्यात चोपडे गावाहून येणारी मासेवाली एकट्या माणसापुरत्या तिसऱ्या देत नाही, अख्खा वाटा घ्यावा लागतो. आज त्या उकडताना खारट वाफ नाकात गेली आणि लेकीची कानातली आठवली.

बायको वारल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. तिसरीचे दोन शिंपले म्हणजे देवानेच घडवलेला जोड, असं म्हणत लेक त्यांना बारीक भोकं पाडून आकडे लावायची. दुसऱ्या दिवशी साखळी गावच्या बाजारात ती कानातली पहिल्यांदाच मांडणार होती आणि लोक हसतील म्हणून घाबरली होती. माझे कान लहानपणीच टोचलेले. मग काय!

“बाबा, मान हलव. लोंबतात कशी, बघूया.”

मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो, इतक्यात पदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, भोंपू वाजला. मी तसाच बाहेर. मला बघून तो सायकलवरून पडायचाच बाकी राहिला. दारात उभ्या लेकीचा चेहरा उतरला. मग हसू आवरून तो जवळ आला आणि माझा कान धरून निरखू लागला.

“तुमकां शोभनात, भाऊ. पण म्हज्या बायलेक एक जोड दी गो बाय.”

पहिलंच गिऱ्हाईक, तेही बायकोसाठी मागणारं! लेक नाचायचीच बाकी होती. मला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, इतका उपयोगी मी पुन्हा कुणाला पडलो नाही.

ती हल्ली बंगळुरात कानातली विकते, घालून दाखवायला तिथे मुली आहेत. कपाटात राहिलेला एक जोड आज काढला. डाव्या कानाचं भोक बुजलंय. उजव्यात आकडा गेला. मग तसाच, एका कानात शिंपला लोंबवत, मी जेवून घेतलं.