क्रेटवरची हळद

१२ मार्च, गुरुवार. काम एकच: जेनोआ बंदरात अडकलेला कंटेनर संध्याकाळपर्यंत सोडवणे.

मी नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं सांभाळते. कंटेनरमध्ये साताऱ्याच्या अमोल शिंदेचं पॅकिंग मशीन होतं, त्याची पहिलीच एक्स्पोर्ट ऑर्डर. जहाजवाल्यांनी तो रॉटरडॅमऐवजी इटलीत उतरवला. टिलबर्गजवळच्या ब्रेडा शहरातल्या क्लायंटने स्पष्ट कळवलं होतं, सोमवारी मशीन पोचलं नाही तर ऑर्डर कॅन्सल.

जेनोआला निघताना माझा बॉस मार्टेन म्हणाला, "लकी आहेस. जुनं बंदर, दीपगृह, अरुंद गल्ल्या. फोटो पाठव."

बंदरावर कार्लो नावाचे इन्स्पेक्टर वाट बघत होते. पांढऱ्या मिशा, निवृत्तीला आलेले. त्यांनी लाकडी क्रेटकडे बोट दाखवलं. निर्यातीच्या लाकडावर कणसाच्या चित्राचा शिक्का लागतो. लाकूड तापवून किडे मारलेत, याची ती खूण. शिक्का दिसला नाही, तर माल परत. इथे शिक्क्याच्या जागी लालभडक डाग होता.

"आधी हे पिवळं होतं," कार्लो म्हणाले. "शिक्का वाचायला साबणाने पुसलं, तर लाल झालं. सिन्योरा, हे केमिकल आहे. लॅबला पाठवतो. आठ दिवस."

माझ्या डोक्यात उजेड पडला. साताऱ्याला फोन लावला.

"अमोल, क्रेटवर काय फासलंय?"

"काही नाही, ताई."

"पिवळं आहे. साबण लागल्यावर लाल झालंय."

मग हळूच, "आईने पूजा केली. पहिली ऑर्डर ना."

"अरे, पण नेमकी शिक्क्यावर?"

"आई म्हणाली, कणीस आहे, म्हणजे लक्ष्मीचीच जागा. चांगला मूठभर लेप दिला."

"नारळही फोडला असेल!"

"फोडला. पण तो बाहेर, ट्रकपुढे."

"तेवढं तरी नशीब."

कार्लोंना सांगितलं, ही स्वयंपाकातली हळद आहे. साबण लागला की लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. ते हसले. "छान गोष्ट आहे. दाखवा. चारला माझं ऑफिस बंद होतं."

अडीच वाजले होते. टॅक्सीवाल्याने मला जुन्या शहराच्या तोंडाशी सोडलं, पुढे गाडी जातच नव्हती. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून सामानाची ढकलगाडी आली तेव्हा मला एका चर्चच्या पायरीवर चढावं लागलं. तिसऱ्या गल्लीत एका बांगलादेशी माणसाचं किराणा दुकान सापडलं.

"हल्दी? बिरयानी बनाएँगी?"

"नहीं भैया, कंटेनर छुड़ाना है."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि न मागता दोन लिंबं पिशवीत टाकली. "तो ये भी रखिए."

साडेतीनला परत पोचले. कार्लोंच्या टेबलावर पेपर नॅपकिन पसरला, हळद कालवून फासली. साबणाचं पाणी टाकलं. लाल! लिंबू पिळलं. पिवळं! कार्लो उठून उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या तळहातावर करून बघितलं. मग शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं, त्यांनीही केलं. दहा मिनिटं युरोपची सीमा तीन लाल तळहातांच्या भरवशावर होती. मी घड्याळाकडे बघत होते.

"सिन्योर कार्लो, क्रेट."

उरलेलं लिंबू त्यांनी स्वतः क्रेटवर पिळलं, ब्रशने घासलं. लाल उतरलं, फिकट पिवळं राहिलं, आणि त्याखालून कणीस, कारखान्याचा नंबर, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. चारला पाच कमी असताना सही झाली.

जाताना ते म्हणाले, "आमच्याकडेही नवं जहाज पाण्यात सोडताना पाद्री येतो, पवित्र पाणी शिंपडतो. पण सिन्योरा, पाणी. ते सुकतं."

मार्टेनचा मेसेज आला होता: दीपगृह कसं आहे? मी लिहिलं: टॅक्सीतून डाव्या हाताला होतं. सोबत नॅपकिनचा फोटो पाठवला. त्याने तीन प्रश्नचिन्हं पाठवली.

मशीन सोमवारी सकाळी ब्रेडात पोचलं. अमोलच्या आईचं मत, पूजेमुळेच सुटलं. मी वाद घातला नाही. वाद घालून कंटेनर सुटत नसतात.

मी मात्र सोमवारपर्यंत थांबले नव्हते. शुक्रवारी सकाळीच, पिवळ्या बोटांनी, ऑफिसात भारतातल्या सप्लायर्सची चेकलिस्ट उघडली आणि शेवटी एक ओळ टाकली: पूजा जरूर करावी. ट्रकची.