सपाट बागेतले डोंगर

“दिनकरराव बसलेत” असं वाक्य गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत कुणी बोललेलं मला आठवत नाही. ते आपल्याकडे बसायला येतात, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात. पेपर उभ्याने, चहा फेऱ्या मारत, आणि जेवताना मध्येच उठून बाल्कनीतून गेटवर कोण आलंय ते बघायचं. दिल्लीत सरकारी इंजिनिअर म्हणून अख्खी नोकरी झाली. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या त्यांच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं म्हणतात.

अशा माणसाच्या हृदयात दिवाळीच्या तोंडावर एक स्टेंट बसला. “चला,” त्यांच्या पत्नी लतिकाताई म्हणाल्या, “त्यांच्यात काहीतरी बसलं एकदाचं.”

हृदयाच्या डॉक्टर राधा वयाने लहान, बोलायला गोड आणि हुकुमाला कडक. “अंकल जी, रोज़ चलिए. लेकिन पल्स एक सौ दस से ऊपर नहीं.” त्यासाठी मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ आलं. दिनकररावांना चालण्याची भीती नव्हती. त्यांचा जीव संक्रांतीत अडकला होता. दर संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी जाते, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ती लढाई दिनकरराव सांगतात. उभ्याने, दोन्ही हातांनी, वाऱ्याच्या दिशेसकट. ते सांगायला लागले की माणसं मागे वळून पाहतात, अब्दाली आला की काय म्हणून. “इस साल जाऊँ ना?” असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “पहले रीडिंग दिखाइए. फिर देखते हैं.”

झालं. त्या दिवसापासून दिनकरराव त्या आकड्याच्या मागे लागले. इंटरनेटवर त्यांना दोनशेवीस वजा वय असा हिशोब सापडला. “माझे एकशे सत्तावन्न होतात,” ते बागेत भेटेल त्याला सांगू लागले. “मला दिले एकशे दहा. बाकीचे ठोके गेले कुठे?”

उत्तर परीक्षितने दिलं. हा मूळ पुण्याचा, नोएडात आयटीत, आमच्याच सोसायटीत राहतो. सकाळी पळायला येतो आणि शेवटच्या दोन फेऱ्या दिनकररावांबरोबर चालतो. “काका, तुमची गोळी नाडीचा लगाम धरून बसलीये. तो हिशोब गोळी न घेणाऱ्यांचा. शिवाय अंदाजपंचे.”

“म्हणजे मी अंदाजात पण बसत नाही?”

“तुम्ही कुठे बसता, काका?”

पहिल्या आठवड्याचा आलेख डॉक्टरांनी मोबाइलवर पाहिला आणि कपाळाला आठी घातली. रेघ शहाण्यासारखी पंचाण्णवच्या आसपास चालायची आणि शेवटच्या फेऱ्यांत एकदम वर. एकशे अठरा, एकशे एकवीस. रोज.

“अंकल जी, पार्क में चढ़ाई है क्या?”

“नहीं जी. बिल्कुल सपाट.”

“तो फिर ये पहाड़ कहाँ से आया?”

घड्याळावर संशय घेणं सगळ्यात सोपं होतं. पट्टा सैल असला तर ते ठोक्यांऐवजी पावलांचे हिसके मोजतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट केला. डिसेंबरच्या थंडीत हात गार पडतात आणि आकडा भरकटतो, म्हणून बागेत हातमोजे आले. वेग कमी केला. मग आणखी कमी केला, इतका की आमच्या चिरमुले आजी काठी टेकत त्यांना मागे टाकून गेल्या. डोंगर तिथेच.

दिनकरराव आतून हलले. रात्री उठून दिव्यात मनगट बघायचे. बघितलं की आकडा वाढायचा, वाढला म्हणून पुन्हा बघायचे. “अगं, आत काहीतरी राहिलंय,” ते लतिकाताईंना म्हणाले. “नाहीतर सपाट जमिनीवर असं होतं का कुणाचं? या वर्षी पानिपत गेलं.”

दुसऱ्या दिवशी लतिकाताई शाल गुंडाळून बरोबर चालायला निघाल्या. घड्याळाचा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे दोघे हातात हात घालून फिरताहेत, हे बघून अख्खी बाग गोड हसली. ताईंचं लक्ष आकड्यावर होतं. ब्याण्णव. पंचाण्णव. परीक्षित पळणं संपवून येऊन मिळाला. पंचाण्णव.

“काका, रात्री एक विचार आला. यात्रेकरू, बायका-मुलं सगळा लवाजमा घेऊन लढाईला कोण जातं? भाऊंचं चुकलंच ना.”

एकशे चार.

“चुकलं? त्यांना काय हौस होती? लोक आपणहून आले. देवदर्शनाला फौजेच्या सोबतीनेच जात तेव्हा.”

“मग वाटेत सोडायचं कुठेतरी.”

“कुठे? तुझ्या नोएडात?”

एकशे सतरा.

“आणि सूरजमल जाट सांगत होता तेव्हा ऐकायला काय झालं होतं?”

एकशे तेवीस. लतिकाताई जागच्या जागी थांबल्या. “अहो, तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही. तुम्हाला पानिपत झालंय.”

परीक्षितचा चेहरा उतरला. तो रोज काकांना मुद्दाम डिवचायचा. काका खुलतात म्हणून. मग बागेत पानिपतावर बंदी आली. परीक्षित हवेवर बोलू लागला, मेट्रोवर बोलू लागला, टोमॅटोच्या भावावर बोलला. दिनकरराव ओठ मिटून चालले. आकडा एकशे एकोणीस.

“अहो, आता तर कुणी काही बोलत नाहीये.”

“तो मनात बोलतोय,” दिनकरराव म्हणाले. “मला ऐकू येतंय.”

शेवटी लतिकाताईंनीच डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांना आधी हसू आलं. मग त्यांनी ट्रेडमिलवर तपासणी केली, गप्प राहायची अट घालून, आणि निकाल चांगला आला. “लेकिन दिल को क्या पता, टाँगें चल रही हैं या ज़बान,” त्या म्हणाल्या. “उसको तो दोनों में भागना है. आप जाइए, अंकल जी. आराम से बैठिए. भाषण इस साल कोई और देगा.”

म्हणजे लग्नाला जायचं आणि अक्षता टाकायच्या नाहीत. आणि सांगायचं कुणी? बसमध्ये ती गोष्ट पाठ असलेला माणूस एकच होता: दोन वर्षं रोज सकाळी विरुद्ध बाजूने वाद घातलेला परीक्षित. संक्रांतीला वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाताना दिनकररावांनी त्याला सूचना द्यायला तोंड उघडलं की ताई त्यात पराठ्याचा तुकडा भरत.

काला अंबला ऊन चांगलं पडलं होतं. दिनकरराव बाकावर बसले. ताई शेजारी, बोटं त्यांच्या मनगटावर. घड्याळावर त्यांचा आता विश्वास नव्हता. परीक्षितने चाचरत सुरुवात केली. पाचच मिनिटांत मुंबईचे एक गृहस्थ म्हणाले, “पण मला वाटतं, चूक भाऊंचीच. बायका-मुलं घेऊन लढाईला...”

“काय हौस होती त्यांना?” परीक्षित एकदम वळला. “लोक आपणहून आले. सोडायचं कुठे? तुमच्या मुंबईत?” त्याचे हात सुटले. आवाज चढला. उपासमार, यमुनेपलीकडे अडकलेली रसद, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून तोंडाला हळद फासून निघालेलं सैन्य. तो सांगत गेला आणि माणसं जवळ सरकत गेली. मुंबईच्या गृहस्थांनी डोक्यावरची कानटोपी काढून हातात घेतली.

“नाडी लागत नाहीये,” लतिकाताई घाबरून पुटपुटल्या. मग बोट जरा सरकवून मोजू लागल्या. लागत होती. शांत होती.

“इब्राहिमखान गारदी उजव्या बगलेला,” परीक्षित म्हणाला. तो क्षणभर अडखळला आणि त्याने बाकाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. “बरोबर ना, काका?”

गारदी डावीकडे होता. हे दिनकररावांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ताईंच्या बोटांखाली नाडीने जोरात उसळी मारली. दिनकररावांनी गुडघ्यांवर हात टेकले, अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

“बरोबर,” ते म्हणाले. “पुढे सांग.”