मोर्झाची लघवी काळी झाली तेव्हा

एतेल्का रोज सायकलवरून सहा घरं करायची. तिसा नदीकाठच्या त्या गावातली तरणी पोरं कामाधंद्यासाठी परदेशी गेलेली, मागे उरले म्हातारे. त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायच्या. एकोणीस वर्षं हेच. घरी आल्यावर बूट काढणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं.

म्हणूनच मंगळवारी घरच्या कुत्रीनं, मोर्झानं, जेवणाला तोंड लावलं नाही, तेव्हा एतेल्कानं थाळी उचलून ठेवली आणि विषय सोडला. एरवी फाटकाशी नाचणारी कुत्री भिंतीला टेकून पडली होती. नवरा बालिंत म्हणाला, "तीही तुझ्यासारखीच दमलीय." दोघंही थोडं हसली.

बुधवारी सकाळी मोर्झा कशीबशी उठली आणि अंगणातल्या सिमेंटवर बसली. खाली ओघळ आला तो काळ्या कॉफीच्या रंगाचा. एतेल्का सायकल धरून तिथंच थबकली. लघवीच्या रंगावरून माणूस कसा आहे हे ओळखण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिनं कुत्रीचा ओठ वर केला. हिरड्या पांढुरक्या, कडेला पिवळसर. पोटाला हात लावला तर भट्टी.

बालिंत कामावर निघाला होता. संध्याकाळी डॉक्टरकडे नेऊ म्हणाला, मार्च आहे, हवा बदलतेय, होतं असं.

"एखाद्या म्हाताऱ्याची पिशवी अशी दिसली असती, तर मी संध्याकाळपर्यंत थांबले असते?"

त्यानं अंगणातल्या त्या डागाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली काढली.

वाटेत तिनं पहिल्या घरी फोन केला. देझो आजोबा नव्वदीचे, आंघोळीची वाट बघत बसलेले. उशीर होईल हे ऐकून ते म्हणाले, "मी काही कुठं पळत नाही, बाई. आधी कुत्री बघ."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई, व्हिलमा, यांनी कानातून रक्ताचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोचिडीचा ताप. मोर्झाच्या काखेत, दाट केसांत, वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड सापडली. थंडी सरली की गोचिडी बाहेर पडतात हे एतेल्काला ठाऊक होतं. औषध लावायचं तेवढं राहून गेलं होतं.

"कालच आणायला हवं होतं," व्हिलमा म्हणाल्या. "पण उद्या आणलं असतं, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

एतेल्कानं मान हलवली. कालची ती उचललेली थाळी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन ती बाकावर बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बालिंतनं तिला उठवलं नाही.

दुपारी तिनं देझो आजोबांना आंघोळ घातली, राहिलेली घरं केली.

मोर्झाच्या पोटात पहिला घास गेला तो शनिवारी, तोही एतेल्काच्या हातून. मूत्रपिंडाला थोडी इजा राहिली. आता आयुष्यभर तिला वेगळं खाणं लागणार होतं. म्हणजे आणखी एकाचं पथ्य सांभाळायचं. पायरीवर बसून एतेल्कानं दुसरा घास पुढे केला.